दसऱ्याचं सोनं आणि फाट्यावरचे ट्रेलर

प्रश्न : दसऱ्याला माझी नऊ आणि सहा वर्षांची मुलं सोनं द्यायला घरोघर जातात. आम्ही गव्हाण फाट्याजवळ राहतो. दोघांनाच पाठवावं का?

उत्तर : नको. धाकट्याची जबाबदारी नऊ वर्षांच्या मुलावर टाकू नका, सोबत मोठं माणूस हवंच. फाट्यावरून जेएनपीए बंदराचे कंटेनर ट्रेलर जातात, खरी काळजी त्यांचीच. केबिनच्या अगदी पुढ्यात उभं असलेलं लहान मूल ड्रायव्हरला दिसत नाही. शिवाय ट्रेलर वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात. वळणाच्या कोपऱ्यावर मुलांना थांबवूच नका. ऑक्टोबरात सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे उजेडातच निघा. ओळखीच्या घरी आत जाऊन पाया पडू देत, अनोळखी घरात मात्र नको. तुमचा मोबाइल नंबर आणि १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन थोरल्याकडून आजच पाठ करून घ्या.