तानपुरा आणि संगणक

वाराणसीतील अहिल्याबाई घाट इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो. जवळच्या दशाश्वमेध घाटावर रोज सायंकाळी गंगेची आरती होते आणि तिचा घंटानाद दूरवर ऐकू जातो. अशा परिसरात घरी बसून गायनाचे ध्वनिमुद्रण करावयाचे, तर पहिली अडचण बाहेरच्या आवाजाची वाटते. परंतु अधिक मोठी हानी पुष्कळदा संगणकाच्या आतच होते.

संगणकात मुख्यतः संभाषणासाठी योजलेली गोंगाट कमी करण्याची सोय अनेकदा आधीपासूनच चालू असते. सतत बदलतो तो आवाज बोलण्याचा, आणि अखंड एकसारखा राहतो तो गोंगाट, असे तिचे सामान्यतः गृहीत असते. पंख्याच्या घरघरीला हा न्याय लागू पडतो. पण तानपुऱ्याचा षड्जही अखंडच असतो. परिणामी गायकाचा आधारस्वरच पुसट होतो. दुसरी सोय आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करते. तिच्यामुळे हळुवार आलाप आणि तबल्याचा जोरकस ठोका यांतील अंतर नाहीसे होते. म्हणून मुद्रणापूर्वी या दोन्ही सोयी बंद कराव्यात.

संगणक ध्वनीचे नमुने घेतो. मनुष्याला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. तो टिपण्यास त्याच्या दुपटीहून अधिक नमुने लागतात. ४४,१०० व ४८,००० या संख्या म्हणूनच सोयीच्या ठरल्या. यांपैकी कोणतीही एक निवडावी, पण ती सर्वत्र एकच ठेवावी. ४४,१०० ने घेतलेले मुद्रण चुकून ४८,००० ने वाजविले, तर काळी एकचे गाणे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये जाऊन पडते, आणि लयही वाढते.

नमुन्याची नोंद २४ बिटांची असावी. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबेलांचा पल्ला मिळतो, २४ बिटांत तत्त्वतः १४४ चा. त्यामुळे सर्वांत जोरकस स्वरही कमाल मर्यादेच्या १२ डेसिबेल खाली ठेवणे परवडते. मर्यादेपलीकडे गेलेला स्वर मात्र फाटतो आणि मूळ रूपात परत मिळत नाही.

शेवटी विलंबाचा प्रश्न. संगणक नमुने गटागटाने हाताळतो. ४८,००० च्या गतीने १,०२४ नमुन्यांचा एक गट भरण्यास सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. साथीदार सात मीटर दूर बसल्यासारखेच ते होय. १२८ नमुन्यांचा गट तीन मिलिसेकंदांच्या आत भरतो. तथापि गट फार लहान केल्यास संगणक मागे पडतो व मुद्रणात खरखर उमटते.

या सर्वांची कसोटी सोपी आहे. प्रथम केवळ तानपुरा एक मिनिट मुद्रित करून ऐकावा. जोडीच्या तारांचा नाद अखेरपर्यंत अभंग राहिला, तरच गायनास आरंभ करावा.