चुलीपाशी देवाचे सान्निध्य

(वाचनासाठी: लूक १०:३८-४२, कलस्सै. ३:२३, १ थेस्सल. ५:१७)

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस भेटी देत असता एक गाऱ्हाणे आमच्या कानी वारंवार पडते. "पाळकसाहेब, पहाट भाकरीत जाते, दिवस खुरपणीत जातो, रात्री अंथरुणाला पाठ लागताच डोळा लागतो. प्रार्थनेला वेळ कोठून आणावा?" हे गाऱ्हाणे खोटे नाही. परंतु त्यात एक समजूत दडलेली आहे. ती ही की, काम एकीकडे व देव दुसरीकडे. जो कामात गुंतला तो देवाला अंतरला. ही समजूत आपल्या आचरणाने खोडून काढणाऱ्या एका स्वयंपाक्याचे चरित्र आज आपण पाहू.

हा मनुष्य रोमन कॅथॉलिक पंथाचा होता. त्या पंथाशी आमचा कित्येक बाबतींत मतभेद आहे. तथापि ह्या बंधूपासून प्रॉटेस्टंट भक्तांनीही पुष्कळ लाभ करून घेतला आहे. त्याचा जन्म सतराव्या शतकाच्या आरंभी लोरेन प्रांतात गरिबाच्या घरी झाला. तो शिपाई झाला, लढाईत जखमी झाला व पायाने अधू राहिला. अठराव्या वर्षी, हिवाळ्यात, एक निष्पर्ण झाड त्याच्या दृष्टीस पडले. ह्याच झाडाला पुन्हा पाने, फुले व फळे येतील, हा विचार मनात येताच देवाचे सामर्थ्य व त्याची तरतूद त्याच्या अंतःकरणावर कायमची ठसली. पुढे पॅरिस शहरातील कार्मेलाइट मठात तो सेवक-बंधू म्हणून राहिला. तेथे त्याला लॉरेन्स हे नाव मिळाले.

त्याला काम मिळाले स्वयंपाकघरातले. आणि त्या कामाचा त्याला उपजत कंटाळा होता! तरी सुमारे पंधरा वर्षे त्याने ते केले. त्याची रीत साधी होती. काम हाती घेताना तो देवाशी दोन शब्द बोले. काम चालू असता मधून मधून मन त्याच्याकडे वळवी. काम संपल्यावर ते नीट झाले असल्यास उपकार मानी, चुकले असल्यास क्षमा मागे. तव्यावरचे अंडे उलथणे असो की जमिनीवरची काडी उचलणे असो, तो ते देवाच्या प्रीतीस्तव करी. मठाच्या प्रार्थनेच्या वेळा त्याने सोडल्या नाहीत. परंतु त्या वेळी देव जवळ व भांडी घासताना दूर, असे त्याने कधी मानिले नाही.

हे त्याला एका दिवसात साधले असे कोणी समजू नये. आपला नाश होणार, ह्या भयाने त्याने काही वर्षे मनस्वी दुःख सोसले. मनही वारंवार भटके. परंतु मन भटकले म्हणून तो निराश होऊन बसला नाही. चूक कबूल करून तो निमूटपणे पुन्हा देवाकडे वळे. तो १६९१ साली मरण पावला. त्याची थोडी पत्रे व संभाषणे त्याच्या मरणानंतर प्रसिद्ध झाली, आणि ती आजही वाचली जातात.

आता मार्थेकडे पाहा. प्रभूने तिला स्वयंपाकाबद्दल दोष दिला नाही. मनाच्या तळमळीबद्दल दिला. मार्थेचे हात व मरीयेचे अंतःकरण एकाच मनुष्याच्या ठायी राहू शकतात, हेच लॉरेन्सने दाखविले. निरंतर प्रार्थना करा असे पौल सांगतो, तेव्हा शेत ओसाड टाकून गुडघे टेकून बसा असे तो सांगत नाही.

उपदेशक बंधूंनो, येथे आपणांसही इशारा आहे. भक्तीला कोण किती वेळा आले एवढ्यावरून आपण माणसाची भक्ती मोजतो; आणि जी बहीण पाण्याचा हंडा डोक्यावर घेताना मनात प्रभूचे नाव घेते, ती आपल्या हिशेबात येत नाही. भक्तीस एकत्र येणे अवश्य आहे. ते कोणी सोडू नये. पण रविवारी चेतविलेला विस्तव सहा दिवस राखेखाली जपावयाचा तो घरीच.

ह्या आठवड्यात प्रत्येकाने आपले एकच नावडते काम निवडावे. ते हाती घेताना, मध्ये एकदा, व संपताना देवाशी एक वाक्य बोलावे. विसर पडल्यास स्वतःला दोष देत न बसता पुन्हा आरंभ करावा.

प्रश्न: (१) प्रभूने मार्थेला कशाबद्दल दोष दिला? (२) मन भटकल्यावर लॉरेन्स काय करी? (३) तुमचे नावडते काम कोणते, आणि उद्या ते कोणासाठी कराल?