धरणावर ढकललेला आळ

भाद्रपदात आमच्या मुलीला डेंग्यू झाला तो शेजारच्या छपरावरील टायरांमुळे, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. ज्या गृहस्थांना ते अद्याप कबूल नाही त्यांचे नाव घेण्याचे मला प्रयोजन नाही. परंतु त्यांचे वर्तन सांगितल्यावाचून पुढील सूचनांचे महत्त्व कोणाला पटणार नाही.

आषाढातील वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर जुनी टायरे टाकण्याची चाल राधानगरीच्या आमच्या बाजूला आहे. मुसळधार पावसात त्यांतले पाणी अखंड ओसंडत असते, त्यामुळे फारसे बिघडत नाही. पण श्रावणातला ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की तेच पाणी आठ-आठ दिवस निश्चल राहते, आणि अंड्यातून निघून पंख फुटेपर्यंत डासाला तेवढी मुदत पुरते. ही हरकत मी समक्ष जाऊन सांगितली, तेव्हा उत्तर मिळाले, “मास्तर, धरणाच्या उशाला राहायचं आणि डासांची तक्रार करतायसा?” शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधावयास घेतलेल्या त्या धरणावर, दाजीपूरच्या जंगलावर आणि भाताच्या खाचरांवर सगळा आळ ढकलून ते मोकळे झाले.

मुलगी दवाखान्यात असताना मी शिडी लावून त्या टायरातले पाणी वाटीने काढले आणि पांढऱ्या बशीत ओतले. कुजलेल्या पानांनी ते तांबूस झाले होते, पण त्याला दुर्गंधी नव्हती. आणि त्यात अळ्या शेपटाकडची श्वासनळी पृष्ठभागाला लावून, डोके खाली करून लोंबत होत्या, हाताची सावली पडताच वळवळत तळाशी जात होत्या आणि क्षणात पुन्हा वर येत होत्या. बशी तशीच त्यांच्या उंबऱ्यावर नेली. “पाण्यातलं किडं हाईत ते, पावसाळ्यात असायचंच,” एवढे बोलून त्यांनी दार लोटले. मुलीची प्रकृती कशी आहे, हे विचारण्याचे सौजन्यही त्यांना सुचले नाही.

या वृत्तीचे मूळ मला जुन्या हिवतापाच्या आठवणींत दिसते. १९५३ साली देशभर हिवताप नियंत्रणाची आणि १९५८ साली निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, घरोघर भिंतींवर डीडीटी फवारली गेली, आणि डास मारणे हे सरकारचे काम असून तो घाणीतून येतो व रात्री चावतो, अशी समजूत रूढ झाली. डेंग्यूचा एडिस डास दिवसा, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी चावतो, घराभोवतीच्या साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि जन्मस्थानापासून सहसा फार दूर उडत नाही. लाटा उठणाऱ्या, माशांनी भरलेल्या जलाशयाशी त्याला कर्तव्य नाही.

तेव्हा ज्यांना पत्रे दाबून ठेवावयाचे असतील त्यांनी वाळूची पोती किंवा विटा वापराव्यात. टायरच हवे असेल तर त्याला पाणी निचरेल अशी मोठी भोके पाडावीत. ताडपत्रीच्या घड्यांत साचलेले पाणी झटकावे. रांजण व पिंपे आठवड्यातून एक दिवस नुसती रिकामी करून भागत नाही, काथ्याने आतली कड घासावी लागते; कारण अंडी भिंतीला चिकटतात, महिनोन् महिने कोरडी राहूनही जगतात आणि पाणी चढताच फुटतात. गुरांचा हौद उपसता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत. संडासाच्या वायुनळीला जाळी बांधावी. धूर फवारणीने उडते डास मरतात, अळ्यांना काही होत नाही, म्हणून धुरावर समाधान मानू नये. परिसर स्वच्छ ठेवावा, हे तर सर्वांना ठाऊकच आहे. लहान मुलांना दुपारच्या झोपेतही मच्छरदाणी लावावी.

डेंग्यूची शंका असता ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेन घेऊ नये, आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये. धोक्याचे एक-दोन दिवस तेव्हाच येतात. पोटात असह्य दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी इस्पितळ गाठावे.

शेजाऱ्याला तोंडी सांगत बसू नये. अर्ज लेखी करावा आणि पोच घ्यावी. आमच्या शेजारची टायरे यंदा उतरली ती नवा स्लॅब पडला म्हणून, माझ्या म्हणण्याला मान देऊन नव्हे. स्लॅबवरील टाकीला झाकण नाही आणि त्याबाबतचा अर्ज मी पोच घेऊन दिला आहे.