आधी वय ठरवा, मग कुत्रं

रस्त्यावरची पिल्लं घरी सांभाळायची आणि मग त्यांना घर बघून द्यायचं, हे काम मी पुण्यात करते. दिलेलं पिल्लू परत येतं तेव्हा ते बहुधा सात-आठ महिन्यांचं झालेलं असतं. म्हणून आता पिल्लू दाखवायच्या आधीच विचारते, दिवसा घरात कोण असतं?

दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांच्या वर लघवी धरता येत नाही. दोघंही नोकरीला गेले की ते बाथरूममध्ये कोंडलं जातं. आणि माणसं, लिफ्ट, कुकरची शिट्टी यांची भीती मोडायचं वय तेच, साधारण 3 ते 14 आठवडे. लसींचे डोस 16 आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर पार्व्हो विषाणूच्या भीतीनं रस्त्यावर सोडता येत नाही, मग कडेवर घेऊन जग दाखवायचं. एवढी सवड किती घरांत असते? पार्व्होनं पिल्लू गेलेल्या घरात तर मी दुसरं पिल्लू लगेच देतच नाही. तो विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. तिथे लसी पूर्ण झालेलं मोठं कुत्रंच बरं.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. दत्तक देतानाही मी तेच पाळते. किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकतं.

चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडू लागतात, चपला आणि सोफा संपतो. पुढे ते वयात येतं आणि शिकवलेलं सगळं विसरल्यासारखं वागतं. ‘ताई, आधी असा नव्हता हो!’ हे वाक्य मला पाठ झालंय. हा काळ दीड-दोन वर्षांपर्यंत लांबू शकतो.

तेवढी तयारी नसेल तर दोन-तीन वर्षांचं, नसबंदी झालेलं कुत्रं न्या. मुलांशी कसं वागतं, एकटं राहतं का, हे आधीच सांगता येतं. पहिले काही दिवस ते पलंगाखाली बसेल, जेवणार नाही. त्यावरून स्वभाव ठरवू नका.

सत्तरीतल्या जोडप्यांना मी आठ-नऊ वर्षांचं शांत कुत्रं सुचवते. दात, सांधे यांचा औषधखर्च वाढतो, हेही सांगते. पिल्लू बारा-चौदा वर्षं जगू शकतं. तरी पिल्लूच हवं असेल, तर पुढे त्याला जो सांभाळणार, त्या माणसाशी आधी स्वतः बोलून घेते.