आंतरजालावरील छळ आणि मुलांचे मौन

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांसोबत एखाद्या आरोग्यविषयाची माहिती द्यावी, अशी आमची प्रथा आहे. मधुमेह, क्षयरोग, नेत्रदान यांसारख्या विषयांवर यापूर्वी लिहून झाले. यंदाचा विषय पाहून काही विश्वस्तांना व देणगीदारांना तो रुग्णालयापेक्षा शाळेचा किंवा पोलीस ठाण्याचा वाटण्याचा संभव आहे. परंतु पोटदुखी, डोकेदुखी, निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे, शाळेत जाण्याची टाळाटाळ अशा तक्रारी घेऊन जी मुले बालरोग विभागात येतात आणि ज्यांच्या तपासण्यांत काहीही दोष आढळत नाही, त्यांपैकी काहींच्या दुखण्याचे मूळ त्यांच्या हातातील मोबाइलमध्ये असते.

मुलामुलांतील चेष्टामस्करी आणि छळ यांत भेद करावा लागतो. नॉर्वेत दीर्घकाळ संशोधन केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली: तो हेतुपुरस्सर असतो, पुनःपुन्हा होतो आणि त्यात एक बाजू दुसरीपेक्षा बलवान असते. मोबाइलवर या लक्षणांचे रूप पालटते. एखाद्या मुलीचे विद्रूप केलेले छायाचित्र पाठवणारा ते एकदाच पाठवतो. पुनरावृत्तीचे काम ते पुढे ढकलणारे शेकडो हात करतात. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातून एकालाच वगळणे, कोणाच्या नावाने खोटे खाते उघडून घाणेरडा मजकूर टाकणे, रंगावरून, तोतरेपणावरून वा जातीवरून टवाळी करणे हे सारे यात येते. पूर्वी शाळा सुटल्याची घंटा झाली की छळणाऱ्यापासून निदान उद्यापर्यंत सुटका असे. आता तो उशाशी येऊन बसतो.

या विषयाची चर्चा जगभर ज्या एका घटनेने घडवून आणली, ती येथे थोड्या विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील पोर्ट कॉक्विटलम या गावची अमांडा टॉड सातवीत असताना संगणकाच्या कॅमेऱ्यावरून अनोळखी लोकांशी गप्पा मारीत असे. त्यांपैकी एकाने गोड बोलून तिला क्षणभर अंगावरील वस्त्र दूर करण्यास भाग पाडले, त्या क्षणाचे चित्र टिपून घेतले आणि पुढे त्याच चित्राच्या जोरावर तिला धमकावण्यास आरंभ केला. ते चित्र तिच्या मित्रमैत्रिणींपर्यंत पोहोचवले गेले. तिने शाळा बदलली. नव्या शाळेतील मुलांपर्यंतही ते पोहोचले. शाळेत तिला हिणवणारी व एकटे पाडणारी मुले मात्र तिच्याच वयाची होती. सप्टेंबर २०१२ मध्ये तिने एकही शब्द न उच्चारता, हाती लिहिलेली पत्रके एकामागून एक दाखवीत आपली कहाणी चित्रफितीतून सांगितली. १० ऑक्टोबर २०१२ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने जीवन संपवले.

तिला धमकावणारा नेदरलँड्समधील एक प्रौढ पुरुष होता. त्याने बावीस खोट्या खात्यांच्या आडून हा उद्योग केल्याचे न्यायालयात मांडले गेले. कॅनडातील न्यायालयाने त्याला २०२२ मध्ये दोषी ठरवून तेरा वर्षांची शिक्षा दिली. २०२३ मध्ये डच न्यायालयाने तिचे रूपांतर सहा वर्षांत केले. तिच्या कुटुंबाने पोलिसांकडे तक्रारी केल्या होत्या, तरीही कायद्याला गुन्हेगारापर्यंत पोहोचण्यास इतकी वर्षे लागली. मधल्या काळात मुलाला सांभाळण्याचे काम घराचे, शाळेचे आणि रुग्णालयाचे असते.

छळ व मानसिक आजार यांचा संबंध किती घट्ट आहे, याचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे. अमेरिकेतील हिंदुजा व पॅचिन यांनी २०१० मध्ये सुमारे दोन हजार शालेय मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत असा छळ सोसलेल्या मुलांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळले. २०१८ मध्ये तीस देशांतील दीड लाखाहून अधिक मुले व तरुणांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्याचाही निष्कर्ष तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२४ मध्ये ४४ देशांची पाहणी प्रसिद्ध केली. तेथे सहा मुलांमागे एकाने असा छळ अनुभवल्याचे सांगितले.

आम्ही वाणिज्य शाखेची मंडळी; आकडा दिसला की तो कशाचा, हे प्रथम विचारण्याची सवय जडलेली. तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट केलेल्या बऱ्या. ‘दुप्पट’ याचा अर्थ छळ सोसलेले प्रत्येक मूल त्या टोकाला जाते असा नाही; बहुसंख्य मुले सावरतात. शिवाय हा संबंध दोन्ही दिशांनी चालतो. छळाने मूल खिन्न होते, तसेच आधीच खिन्न व एकाकी असलेले मूल छळाचे सोपे लक्ष्य ठरते. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले होते. छळणाऱ्या मुलांमध्येही धोका वाढलेला दिसतो, हे या अभ्यासांतील कमी बोलले जाणारे सत्य. त्या मुलांनाही आमच्याकडे आणावे.

सर्वांत अवघड भाग मुलांच्या मौनाचा. समुपदेशन कक्षात मुलांना विचारले की ‘घरी का सांगितले नाहीस?’, तर भीती बहुधा छळणाऱ्याची नसते. मोबाइल काढून घेतील, ‘तूच फोटो का पाठवलास’ म्हणतील, मुलगी असेल तर शाळाच बंद करतील, ही ती भीती. पालकांचा संताप आम्ही समजू शकतो. पण त्या संतापाची पहिली शिक्षा भोगणाऱ्यालाच होते. म्हणून पालकांना विनंती अशी, की प्रथम ऐकून घ्यावे. संदेश पुसू नयेत. पडद्याचे चित्र, तारीख व खात्याचे नाव जपून ठेवावे. उलट उत्तर देऊ नये, पालकांच्या गटावर भांडण काढू नये. मूल खचलेले दिसत असेल, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, हे मानसोपचारतज्ज्ञ खात्रीने सांगतात. उलट मूल मोकळे होते.

कायद्यात ‘सायबर छळ’ या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, तरी खासगी अवयवांची छायाचित्रे संमतीवाचून टिपणे वा पसरवणे याविरुद्धचे ६६-ई कलम आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यातील अकरावे कलम अधिक महत्त्वाचे. लैंगिक हेतूने बालकाचे खरे वा बनावट चित्र प्रसारित करण्याची धमकी देणे, हाही त्यात अपराध मानला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांच्या आजच्या काळात ‘बनावट’ हा शब्द फार उपयोगी पडतो. अशा अपराधाची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर व आम्हा सर्वांवर बंधनकारक आहे. काही पालक यामुळेच बिचकतात. परंतु बालकाची ओळख उघड करण्यास हाच कायदा मनाई करतो.

देणगीदारांसाठी एक खुलासा. शस्त्रक्रियागृहातील यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. बंद दाराआडच्या पाऊण तासाच्या संभाषणावर ती लावता येत नाही. समुपदेशनाचे उत्पन्न आमच्या पत्रकात नगण्य आणि वेतनखर्च मात्र दरमहा ठरलेला. ही तूट आपल्या देणग्यांतूनच भरून निघते.

अमांडाच्या मृत्यूला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र शासनाने टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मूल मरणाची भाषा करीत असेल, तर सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाची वाट न पाहता रात्रीच अपघात विभागात घेऊन यावे व तोवर त्याला एकटे सोडू नये. नोंदणीच्या खिडकीवर खरे कारण सांगण्याची सक्ती नाही. ‘पोटदुखी’ म्हणून केसपेपर काढला तरी चालेल.