दायमाबादचा रथ आणि अकरावीचा अर्ज

दहावीचा निकाल हाती आला की नगर, संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर येथील कित्येक घरांत एकच पेच उभा राहतो. मुलीला गणित-विज्ञानात उत्तम गुण आहेत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत अव्वल श्रेणी आहे, आणि अकरावीच्या अर्जावर शाखेच्या रकान्यात नाव मात्र एकच लिहावयाचे आहे. सल्ला विचारावयास येणाऱ्या आईबापांचा खरा प्रश्न शाखेचा नसतोच. या दोहोंपैकी लेकीने कशावर पाणी सोडावे, एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे असते. त्यांची चिंता मी क्षुल्लक मानीत नाही, कारण ऊस, कांदा आणि दूध यांच्या भरवशावर फीची तजवीज करणाऱ्या कुटुंबाला वाया गेलेले एक वर्षही जड जाते. परंतु कला आणि विज्ञान यांपैकी एकाचा त्याग अटळच आहे, हे जे गृहीत या प्रश्नाच्या मुळाशी आहे, ते आपल्याच जिल्ह्याच्या मातीला मान्य नाही.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तेथे १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना चार धातुशिल्पे सापडली: हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जुंपलेला, वर पुरुष उभा असलेला, सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीचा रथ. ज्या ओतारी कारागिराने ती घडविली, त्याला बैलाच्या मानेचा डौल जितका अवगत होता तितकाच भट्टीचा ताव आणि साच्यात उतरणाऱ्या रसाचा स्वभावही अवगत होता. यांतील कोणतेही एक ज्ञान उणे असते तर हा रथ झालाच नसता. पुढे ही शिल्पे कोणत्या काळातील, असा वाद निघाला. अनेक पुरातत्त्वज्ञांनी ती उत्तर-हडप्पा काळातील मानली, तर डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणात एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आढळल्याकडे बोट दाखवून ती बरीच अलीकडची असावीत असे प्रतिपादन केले. हा वाद मला फार मोलाचा वाटतो. शिल्पाच्या शैलीची पारख असलेली दृष्टी आणि प्रयोगशाळेतला ताळेबंद ही दोन्ही एकाच पुराव्यासमोर उभी राहिली, आणि दोहोंची साक्ष तपासल्यावाचून निवाडा होऊ शकत नाही हे उघड झाले. ज्याला दोन्ही भाषा समजतात असा माणूस तेथे हवा असतो, आणि असा माणूस सहजासहजी मिळत नाही.

दोन्ही विद्या एकाच हाती असल्याचे दायमाबाद हे एकटे उदाहरण नव्हे. मुलूखमैदान तोफ आज विजापुरास आहे, परंतु ती ओतली गेली १५४९ साली, निजामशाहीच्या अमदानीत, त्या वेळच्या अहमदनगरात, म्हणजे आपल्याच नगरात. अंदाजे चार भाग तांबे आणि एक भाग कथील यांच्या या प्रचंड ओतकामाच्या तोंडाशी रूमी, म्हणजे तुर्की, ओतकाराने हत्तीला जबड्यात धरणारे हिंस्र श्वापद कोरून काढले आहे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकले, छायाचित्रणाचे रसायन शिकले, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरीस राहिले, तिरंगी मुद्रण शिकण्यासाठी जर्मनीस गेले, आणि मग १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

आता प्रत्यक्ष मार्गाविषयी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने नेवासे आणि जोर्वे येथे उत्खनने केली. संगमनेर तालुक्यातील या जोर्वे गावाचे नाव तेथल्या तांबड्या, काळ्या रेघांनी रंगविलेल्या खापरांमुळे साऱ्या पुरातत्त्वविश्वाला ठाऊक झाले. डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वाच्या पदव्युत्तर वर्गाला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. जुनी चित्रे, हस्तलिखिते, धातू व दगड यांची झीज थोपविण्याचे शास्त्र ज्याला शिकावयाचे असेल त्याने रसायनशास्त्राची पदवी घ्यावी. लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा, पुरातत्त्व सर्वेक्षणाची देहरादूनची विज्ञान शाखा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र ही या विद्येची ठाणी आहेत. अभिकल्पाकडे, म्हणजे डिझाइनकडे कल असेल तर पवई येथील आयआयटीचा अभ्यासक्रम आहे, आणि त्याच्या ‘यूसीड’ परीक्षेस बारावीच्या तिन्ही शाखांचे विद्यार्थी बसू शकतात. वास्तुकलेसाठी मात्र गणित व भौतिकशास्त्र हवे. म्हणून ज्या मुलीला दोन्हींची ओढ आहे, तिने रकान्यात विज्ञान लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण रसायनशास्त्र मागाहून एकट्याने शिकणे दुष्कर असते. परंतु रंगपेटी माळ्यावर टाकू नये, आणि आईबापांनी ती टाकावयास लावू नये.

एक गोष्ट पालकांपासून लपविणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. संवर्धन व पुरातत्त्व या क्षेत्रांत कायम जागा थोड्या असतात, जाहिरात दरवर्षी निघतेच असे नाही, आणि पहिली काही वर्षे ठराविक मुदतीच्या कामावर व बेताच्या वेतनावर काढावी लागतात. ज्या घराला शिक्षण संपताच मिळकत सुरू होणे निकडीचे आहे, त्याने अभिकल्पाचा किंवा वास्तुकलेचाही विचार करावा, आणि त्या अभ्यासक्रमांच्या खर्चाचा हिशेब आधी मांडावा.

मुलीचा कल खरोखर दोहोंकडे आहे की नाही, हे पाहण्यास चाचणीचे शुल्क भरावे लागत नाही. घरातला मातीचा माठ तिच्यापुढे ठेवा, फूटपट्टी आणि दोरा द्या, आणि उत्खननातल्या भांड्याचे चित्र काढतात तसे काढावयास सांगा: मधोमध उभी रेघ, तिच्या एका अंगास भांड्याचा छेद, काठाची व पोटाची जाडी मोजून, आणि दुसऱ्या अंगास त्याचे बाह्य रूप. माठाच्या आतली जाडी बाहेरून कशी मोजावी, या अडचणीपाशी ती थांबेल. तेथे उत्तर सांगू नका. ती काय करते ते पाहत राहा.