वायफायची जोडणी आणि बिघाडाचा शोध

आज शिक्षणाची बहुतेक दारे संगणकाच्या पडद्यावर उघडतात. अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, स्पर्धा परीक्षेचे प्रवेशपत्र, विद्यापीठाचा निकाल ही सर्व कामे ऑनलाइन झाली आहेत आणि त्यांतील प्रत्येकाला अखेरची तारीख असते. घरात लॅपटॉप असतो, वायफायही असते. परंतु नेमक्या त्या तारखेच्या आदल्या रात्री “नेट चालत नाही” असे विद्यार्थी सांगतो आणि सारे घर हवालदिल होते. मग शेजारच्या जाणत्या मुलाला हाक मारली जाते किंवा दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दुकानात नेला जातो. तेथे काही वेळा विंडोज नव्याने टाकली जाते आणि जतन केलेली प्रमाणपत्रे, छायाचित्रे व टिपणे पुसली जातात. लॅपटॉप घरी येतो, तरी नेट बंदच. कारण मूळ दोष राउटरकडे येणाऱ्या वायरीत असतो!

हे नुकसान टाळता येते. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. लागते ती कार्यकारणाचा क्रम लावण्याची सवय. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी, त्यांचे पालक आणि समाजबांधव यांना ही पद्धत आत्मसात करता यावी, एवढ्याच हेतूने प्रस्तुत लेखाची मांडणी केली आहे.

बिनतारी जाळ्याची पार्श्वभूमी

संगणक तारेवाचून जोडण्याचा एक आरंभीचा प्रयोग पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर झाला. विद्यापीठाची केंद्रे निरनिराळ्या बेटांवर विखुरलेली होती. नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली ‘अलोहानेट’ हे जाळे सुरू करून ती केंद्रे रेडिओलहरींनी मुख्य संगणकाशी जोडली. पुढे १९८५ साली अमेरिकेने काही रेडिओपट्टे परवान्याविना वापरण्यास मोकळे केले. १९९७ साली ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.११ हे मानक प्रसिद्ध केले आणि १९९९ पासून या तंत्राला ‘वायफाय’ हे सुटसुटीत नाव मिळाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला.

या इतिहासातील एक गोष्ट आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. हा पट्टा सर्वांना मोकळा असल्यामुळेच तेथे गर्दीही आहे. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ उपकरणे आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास काम करतात. दाट वस्तीच्या इमारतीत रात्री वायफाय मंद होण्यामागे ही गर्दी हे एक कारण असते.

चार कड्या

लॅपटॉपवर संकेतस्थळ उघडते, तेव्हा एक साखळी पूर्ण झालेली असते. तिच्या चार कड्या आहेत. पहिली कडी म्हणजे लॅपटॉप आणि त्यातील वायफायचा भाग. दुसरी, लॅपटॉपपासून राउटरपर्यंतचा बिनतारी मार्ग. तिसरी, राउटरपासून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपर्यंतची फायबरची किंवा अन्य जोडणी. चौथी, आपल्याला हवे असलेले संकेतस्थळ.

‘वायफाय’ आणि ‘इंटरनेट’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि गोंधळाचा उगम तेथेच आहे. वायफाय ही केवळ दुसरी कडी होय. लॅपटॉपवर वायफायचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसत असतानाही तिसरी कडी तुटलेली असू शकते. घरातला नळ आणि चावी ठीक असूनही मुख्य वाहिनीला पाणी नसावे, तसाच हा प्रकार.

तारायंत्राच्या काळात दूरच्या लाइनीवर बिघाड झाला, की ठाण्याठाण्यावरून चाचणी घेऊन दोष कोणत्या दोन ठाण्यांमध्ये आहे हे आधी ठरवीत आणि मगच माणूस तिकडे पाठवीत. आपल्या देशातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. ती पद्धत मात्र आजही तितकीच उपयोगाची आहे.

जोडणी कशी करावी

विंडोज असलेल्या लॅपटॉपवर पडद्याच्या खालच्या पट्टीत, उजव्या कोपऱ्यात नेटवर्कचे चिन्ह असते. त्यावर क्लिक केल्यावर वायफायचे बटण दिसते. ते सुरू करून यादी उघडली, की आसपासच्या जाळ्यांची नावे दिसतात. आपल्या राउटरचे नाव निवडावे, ‘कनेक्ट’ म्हणावे आणि पासवर्ड टाकावा. राउटरचे मूळ नाव व पासवर्ड बहुधा त्याच्या खालच्या किंवा मागच्या बाजूस चिकटवलेल्या कागदावर छापलेले असतात.

पासवर्ड टाकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. इंग्रजी लहान व मोठी अक्षरे येथे भिन्न मानली जातात. शून्य आणि ‘ओ’, तसेच एक आणि लहान ‘एल’ यांत गफलत होते. म्हणून डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून टाइप केलेली अक्षरे पाहून घ्यावीत. टंकलेखनाची भाषा मराठीवर असल्यास ती इंग्रजीवर आणावी.

बिघाडाचा शोध : कडी पहिली

सुरुवातीला एकच प्रश्न विचारावा : त्याच वायफायवर घरातील मोबाइल चालतो का? हे तपासताना मोबाइलचा डेटा बंद करावा. अन्यथा मोबाइल स्वतःच्या डेटावर चालेल आणि आपली फसगत होईल. मोबाइल वायफायवर चालत असेल, तर दोष लॅपटॉपच्या बाजूस आहे. मोबाइलही चालत नसेल, तर लॅपटॉपला हात लावण्याचे कारण नाही, राउटरकडे वळावे.

लॅपटॉपमध्ये वायफायचे बटणच दिसत नसेल किंवा यादी रिकामी असेल, तर एअरप्लेन मोड सुरू राहिला आहे का ते पाहावे. अनेक लॅपटॉपांच्या कळफलकावर विमानाचे किंवा लहरींचे चित्र असलेली कळ असते. ती चुकून दाबली जाते. काही जुन्या लॅपटॉपांच्या कडेला सरकते बटणही असते. हे सर्व ठीक असल्यास लॅपटॉप एकदा ‘रीस्टार्ट’ करावा.

तरीही वायफाय दिसले नाही, तर ‘स्टार्ट’वर उजवे क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे आणि ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ पाहावे. तेथे पिवळे चिन्ह असेल, तर ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारी प्रणाली, बिघडली आहे. ती नव्याने घेण्यास नेट हवे आणि नेटच बंद, हा पेच मोबाइलने सुटतो. मोबाइल चार्जिंगच्या डेटा केबलने लॅपटॉपला जोडून मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. त्यासाठी वायफायची गरज लागत नाही. मग लॅपटॉप तयार करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा.

कडी दुसरी

आपल्या वायफायचे नाव यादीत दिसते, पण जोडणी होत नाही, असे झाल्यास जुना पासवर्ड जतन राहिलेला असू शकतो. त्या नावावर उजवे क्लिक करून ‘फरगेट’ निवडावे आणि नवा पासवर्ड टाकून पुन्हा जोडावे.

इतर नावे दिसतात आणि फक्त आपले दिसत नाही, अशा वेळी राउटरचा पट्टा तपासावा. आजचे बरेच राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. ५ गिगाहर्ट्झचा वेग अधिक, परंतु भिंतींपलीकडे त्याची रेंज लवकर कमी होते. शिवाय काही जुन्या लॅपटॉपांना तो पट्टा ओळखताच येत नाही. अशा लॅपटॉपसाठी २.४ चे नाव निवडावे.

रेंज कमी असल्यास राउटरची जागा पाहावी. लोखंडी कपाटामागे, टीव्हीच्या पाठीमागे किंवा जमिनीवर ठेवलेला राउटर आपली बरीच शक्ती वाया घालवतो. तो घराच्या मध्यभागी, उंचावर आणि मोकळ्या जागी असावा.

कडी तिसरी

लॅपटॉप जोडलेला आहे, पण नावाखाली ‘नो इंटरनेट’ असे शब्द दिसतात. अशा वेळी राउटरचे दिवे पाहावेत. फायबरच्या उपकरणावर ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर फायबरमधून येणारा प्रकाशसंकेत पोचत नाही. वायर तुटली, दुमडली किंवा मागील बाजूस सैल झाली असावी. वायर दिसण्यापुरती तपासावी. फायबरच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये. दिवा लालच राहिला, तर कंपनीकडे तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.

दिवे ठीक असतील, तर राउटरचे बटण बंद करून अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा सुरू करावे आणि दोन-तीन मिनिटे वाट पाहावी. मात्र राउटरच्या मागे टाचणीने दाबायचे जे बारीक छिद्र असते, त्यास हात लावू नये. त्याने राउटरमधील सर्व नोंदी पुसल्या जातात आणि कंपनीने दिलेली माहिती हाताशी नसल्यास चालू जोडणीही बंद पडते.

अधिक खोलात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक चाचणी आहे. ‘स्टार्ट’ उघडून इंग्रजीत सी-एम-डी ही अक्षरे टाइप करावीत. काळी खिडकी उघडते. त्यात ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता लिहून एंटर दाबावे. आपल्या लॅपटॉपचा अंकी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेला नाही. लॅपटॉपने स्वतःच तो घेतला आहे. म्हणजे दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या अलीकडे आहे. पत्ता ठीक असल्यास ‘पिंग’ हा शब्द, एक जागा आणि ८.८.८.८ असे लिहावे. आकडे इंग्रजी अंकांत टाइप करावेत. हा गूगलच्या एका सार्वजनिक यंत्रणेचा पत्ता आहे. तेथून उत्तर आले, तर तिसरी कडी शाबूत आहे.

कडी चौथी

पिंगला उत्तर येते, पण संकेतस्थळे उघडत नाहीत, असे असेल तर संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी ‘डीएनएस’ यंत्रणा अडली असावी. राउटर पुन्हा सुरू केल्याने हा दोष बहुधा दूर होतो.

सर्वच संकेतस्थळे ‘सुरक्षित नाही’ असा इशारा देत असतील, तर लॅपटॉपची तारीख व वेळ पाहावी. बरेच दिवस बंद राहिलेल्या जुन्या लॅपटॉपची तारीख मागे जाते आणि मग संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे त्यास अवैध वाटू लागतात.

वसतिगृहात किंवा महाविद्यालयात वायफाय जोडल्यावर ब्राउझरमध्ये नाव व क्रमांक भरण्याचे पान उघडावे लागते. ते भरेपर्यंत नेट सुरू होत नाही. तेथे लॅपटॉपला दोष देऊ नये.

आणि इतर सर्व संकेतस्थळे उघडत असून अर्जाचेच पान उघडत नसेल, तर त्या पानावर गर्दी आहे. अखेरच्या दिवशी हे घडतेच. घरातील कोणतीही वस्तू बदलून त्यावर उपाय होणार नाही; पहाटे प्रयत्न करावा.

शोधाचे नियम आणि सावधगिरी

इतिहासाच्या अभ्यासकाला एक शिस्त पाळावी लागते : पुराव्याआधी निष्कर्ष काढू नये. येथेही तेच लागू आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि परिणाम पाहावा. पाच बटणे एकदम दाबली, तर नेट सुरू झाले तरी कारण कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारच. पडद्यावरील संदेश शब्दशः वहीत उतरवून ठेवावा किंवा मोबाइलने त्याचे छायाचित्र घ्यावे. दुकानात जावेच लागले, तर ही नोंद सोबत न्यावी, महत्त्वाच्या फाइली आधी पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि “विचारल्याशिवाय विंडोज नव्याने टाकू नका” असे स्पष्ट सांगावे.

घरच्या वायफायचा पासवर्ड किमान बारा अक्षरांचा ठेवावा आणि राउटरमध्ये डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हीच सुरक्षा निवडावी. पासवर्ड नसलेल्या खुल्या वायफायवर बँकेचे व्यवहार करू नयेत.

पालकांना एक विनंती. अर्जाची तारीख जवळ येण्यापूर्वीच मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला एकदा जोडून पाहावा. फायबर तुटली, तर ती रात्र त्यावर निभावते. माजी विद्यार्थ्यांना दुसरी विनंती. गावी गेल्यावर घरातील धाकट्यांचे नेट स्वतः दुरुस्त करून देऊ नका. त्यांना शेजारी बसवा, चारही कड्या त्यांच्या हातून तपासून घ्या आणि राउटरच्या बाजूस वायफायचे नाव, कंपनीचा तक्रार क्रमांक व या चार कड्या लिहिलेला कागद चिकटवा. पुढच्या वेळी तुम्ही दूर असाल, अर्जाची तारीख मात्र थांबणार नाही.